शेंदराखालचं चाक

आमच्या आईला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. सगळी गोष्ट एवढीच आहे. मधे तलाव होता.

तलाव म्हणजे मुंबईला पाणी पाजणारा. नकाशात तो निळा आणि देखणा दिसतो. शहापूर तालुक्यात त्याच्या काठावर राहणाऱ्या आम्हा लोकांसाठी तो एक आडवी पडलेली भिंत आहे. त्याचं पाणी नळातून धो-धो मुंबईत पडतं आणि काठावरच्या आमच्या विहिरी होळीच्या आत तळ दाखवतात. हे मी पत्रकात छापलं आहे, सभेत बोललो आहे, आणि इथेही लिहिणार. ज्यांना कंटाळा आला असेल त्यांनी एक उन्हाळा आमच्याकडे येऊन हंडा वाहावा.

अलीकडच्या काठाला आमचा पाडा. पलीकडच्या काठाला मावशीचा. दोघी बहिणी एका घरात वाढल्या, एका मांडवात उजवल्या आणि पाण्याच्या दोन बाजूंना दिल्या गेल्या. तरण्या होत्या तोवर तलावाला वळसा घालून जंगलातल्या वाटेने जायच्या-यायच्या. पहाटे निघालं की दुपार कलायला पोचता यायचं. मग एका आवणीला, भात लावताना, आई बांधावरून घसरली आणि पायाचं हाड मोडलं. ते बसवलं ते वाकडंच बसलं. घरातल्या घरात ती चालते. दोन ओढे आणि एक चढ तिच्याने होत नाही.

डोलीत घालून नेऊ, असं मी कितीदा म्हटलं. आमच्याकडे आजाऱ्याला डोलीतूनच आटगाव ठेसनाला आणतात. आई म्हणायची, "डोलीत बसून तिच्या दारात गेले तर ती मला मेलीच समजंल. मी पायानं जाईन नायतर जानार नाय."

"पायाने तर होत नाही."

"मंग नाय जात."

जात नव्हती, पण रोज भेटत होती. मावशीच्या काठाला एक काळा खडक आहे, पाण्यात पुढे आलेला. मावशी रोज सकाळी धुतलेलं लुगडं त्या खडकावर पसरायची. आई आमच्या अंगणाच्या टोकाला येऊन, डोळ्यांवर हात धरून बघायची. तांबडा ठिपका दिसला की मावशी उठली, आंघोळ झाली, बरी आहे. मग आई आमच्या कुंपणावर आपलं लुगडं टाकायची. हे त्यांचं टपाल. पावसाळ्यात धुकं आलं की टपाल बंद, आणि आईची चिडचिड सुरू.

तिच्या मनात एक अढीही होती. "माजा पाय मोडला, तिचा तर नाय मोडला ना. तिला यायला काय झालं?" मावशीचा मुलगा वर्षातून दोनदा यायचा, त्याला ती हेच विचारायची. तो मान खाली घालून म्हणायचा, "शेरडं असतात ना मावशी. घर सोडवत नाय तिला."

"शेरडं बहिनीपेक्षा मोठी झाली," आई म्हणायची. तरी दुसऱ्या सकाळी पुन्हा अंगणाच्या टोकाला.

माळ्यावर एक घोंगडी होती. म्हसा गावच्या जत्रेतून आईने मावशीसाठी मागवलेली. दोन पावसाळे ती माळ्यावरच होती. मावशीच्या मुलाच्या हाती द्यायला आई तयार नव्हती. ती तिच्या अंगावर आपल्या हाताने घालायची, असं ठरलेलं.

आता होडीचं सांगतो.

धरणाच्या भिंतीजवळ चौकी आहे. चौकीला लागून पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये एक शिडाची होडी लाकडाच्या ओंडक्यांवर बसलेली. गोऱ्या साहेबाच्या काळातली. साहेबाला तलावात होडीतून फिरायची हौस होती. शनिवारी मुंबईची मंडळी यायची, शीड चढवायची, खायची, प्यायची, संध्याकाळी परत. ज्यांची भाताची खाचरं त्या पाण्याखाली गेली ते काठावर उभे राहून बघायचे. गोरा गेला, शीड उंदरांनी खाल्लं, डोलकाठी कुणीतरी गोठ्याला लावली, होडी राहिली. तिला सुकाणू फिरवायला मोटारीला असतं तसं चाक होतं. मधोमध लोखंडी तुंबा, लाकडी आरे, लाकडी कडं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी मुरबाड तालुक्यात जंगलकामगारांच्या मजुरीसाठी फिरत होतो, पत्रकं लिहीत होतो आणि कॉलेज सोडल्याबद्दल घरच्यांची बोलणी खात होतो. त्या सुमारास तलावावर नवा साहेब आला. त्याला मी स्पष्ट विचारलं, गोऱ्याला या पाण्यात होडी चालते, काठावरच्या माणसाला का चालत नाही? माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "शिमग्यानंतर भंगारवाला येणार आहे, तोवर ती तिथंच आहे. चालवून दाखवा. चालली तर पाड्यांची ने-आण करा, मी वर लिहितो. नाही चालली तर भंगारात."

हे ऐकून आईने त्याच दिवशी माळ्यावरून घोंगडी काढली आणि उन्हात टाकली.

आम्ही तिघं कामाला लागलो. एक मी. दुसरा आमच्या शेजारचा गाडीवान, ज्याची बैलगाडी अख्ख्या पाड्याची गवताची आणि लाकडाची वाहतूक करायची. बोलण्यात तो कुणाला जिंकू द्यायचा नाही. तिसरे चौकीदार काका. त्यांचे वडील गोऱ्याच्या काळी याच होडीचं सुकाणू धरायचे. वडील गेल्यावर चौकी काकांकडे आली आणि होडीची राखणही.

फटींत कापूस आणि डांबर भरलं. होडी काठाशी नेऊन पाण्यात बुडवून ठेवली, लाकूड फुगलं, गळती थांबली. दोन वल्ही गाडीवानाने तासली. आणि एका सकाळी आई घोंगडी, सुकटीचं गाठोडं आणि तांदळाच्या पापडांचा डबा घेऊन होडीत चढून बसली. मी म्हणत होतो आधी आम्ही एकदा जाऊन बघतो. "तुमी जाऊन बगा," ती म्हणाली, "मी हितंच बसल्ये."

वल्ही मारली. होडी निघाली, छान निघाली, आणि हळूहळू डावीकडे वळायला लागली. वळली, वळली, आणि आमच्याच काठाला येऊन लागली. पुन्हा ढकलली. पुन्हा तेच. सुकाणू एका बाजूला वळून अडकलं होतं आणि काका चाकाला लोंबकळत होते तरी ते तसूभर हलत नव्हतं. आईच्या समोरून मावशीचा काठ आला, खडक आला, खडकावरचा ठिपका आला, आणि गेला. मग आमचा पाडा आला, पाड्यातली माणसं आली.

"परदक्षिना घालतायत," काठावरून एक बाई म्हणाली.

"घालूद्या," दुसरी म्हणाली, "आदी तळ्याला घालतात, मंग देवाला."

गाडीवान ओरडला, "हसा, हसा. होडी सुरू झाली ना, तुमाला घेनार नाय, टोपलीत बसून जावं लागंल."

आई मात्र मान वळवून, वळवून खडकाकडे बघत होती, जितका वेळ दिसेल तितका वेळ.

उतरल्यावर मी चाक नीट बघितलं. तोवर मी ते बघितलंच नव्हतं. चाकाच्या मधोमध नारळाएवढा शेंदराचा गोळा होता. तुंबा, त्यावरचा नट, मागचा दांडा, सगळं त्याच्या आत. तेल आणि शेंदूर, वर्षानुवर्षांचे थर, दगडासारखे घट्ट झालेले. तो शेंदूर तुंब्याच्या मागे ओघळून दांड्याच्या बेचक्यात उतरला होता आणि तिथे त्याने गंजाशी सोयरीक केली होती.

"हे काय आहे, काका?"

"दसऱ्याला लावतो," काका म्हणाले. "हत्यार हाय. पुजायला नको?"

मला राग आला. आता लिहिताना तो थोडा निवला आहे, पण खोटा नव्हता. आपण विळा पुजतो, नांगर पुजतो, ते कळतं. पण ज्या गोऱ्याने आपली खाचरं बुडवली त्याच्या करमणुकीच्या चाकाला आपण देव करून ठेवतो, आणि त्या देवाच्या भाराने तेच चाक फिरेनासं होतं, याला काय म्हणायचं? मी हे सगळं काकांना तिथल्या तिथे ऐकवलं, जवळजवळ पत्रकाच्याच भाषेत.

काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेबाला नाय रे पुजलं. एकदा वारं सुटलं, साहेब रडाय लागला, माजा बाबा चाकाला मिठी मारून बसला. होडी घरी आली. बाबा म्हनायचा, ह्या चाकानं मला तुमच्यात आनला. म्हनून लावायचा. तो गेला, मंग मी लावतो."

मी खुरपं आणायला वळलो.

"थांब," आई म्हणाली. "शेंदूर लावल्याली वस्तू हाय ती. अशी खरवडाची नाय. कौल लावावा लागंल."

कौल म्हणजे काय हे आमच्या भागात सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला तांदळाचा एकेक दाणा ओला करून चिकटवायचा आणि विचारायचं. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. भगत लोक या दाण्यांवर माणसांची औषधं अडवतात, सोयरिकी मोडतात. मी त्याविरुद्ध गावोगाव बोललेला माणूस. आणि माझ्याच घरात, माझ्याच आईने, लोखंडी चाकाला कौल लावायचा.

"आई, तुला मावशीकडे जायचंय की नाही?"

"जायचंय."

"मग उजवा-डावा कशाला? डावा पडला तर काय करशील?"

"नाय जानार."

"भंगारवाला येणार आहे गो."

"येऊ दे. देवाला न विचारता त्याची खोळ काडली, आनि तिला काय झालं तिकडं, तर मी काय करू? तुज्या कागदाला विचारू?"

गाडीवान माझ्याकडे बघून म्हणाला, "बोला पुढारी."

मी तसाही दुसऱ्या दिवशी मुरबाडला सभेसाठी जाणार होतो. एवढा नट खोलायला लागणारा पाना आमच्याकडे नव्हता, तो तिकडून आणता येईल, असं मनाला समजावलं. निघण्याआधी होडी पाण्यातून ओढून काठावर घ्यायची होती. आम्ही ती चौकीच्या भिंतीला लावून ठेवत होतो तर आई काठी टेकत आली. "हितं नको. जरा तिकडं वढा. अजून. पायाला कलती लागते मला, बसाला सपाट पायजे." आम्ही ओढली. तिने पुन्हा सांगितलं, थोडं फिरवा. आम्ही फिरवली. गाडीवान म्हणाला, "काकी, होडीच्या जागी बैल असता तर शिंगानं मारला असता तुला."

मुरबाडला सभा झाली. ती कशी झाली ते इथे नको. यष्टी स्टँडावर एक मिस्त्री माझ्या ओळखीचा झाला होता, मजुरांच्या मोर्च्याला त्याने आम्हाला पाणी पाजलं होतं. त्याने हातभर लांबीचा पाना काढून दिला. दिला आणि तोंड उघडून पुढच्या दातांची खिंड दाखवली.

"ही बग. असंच चाक खेचत होतो. नट पुरता काढला होता. चाक सुटलं ते थेट थोबाडावर. नट सैल कर, पण दोन आटे ठेव. चाक सुटंल, नटाला अडंल. तुजे दात भाषनाला लागतात."

तो पाना घेऊन मी मुरबाडहून कल्याण, कल्याणहून आटगाव असा परत आलो. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढ, तुझ्यापेक्षा जास्त जागा खातोय."

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या सकाळी आईने कौल लावला. मी येईपर्यंत थांबली होती. नुकतं उजाडत होतं. ती आंघोळ करून, होडीत चाकासमोर पाय पसरून बसली होती. वाकडा पाय पुढे, दुसरा दुमडलेला. शेंदराच्या उजव्या अंगाला एक दाणा, डाव्या अंगाला एक. तोंडाने काही पुटपुटली नाही. मोठ्याने, शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"बग बाबा. तू हितं बसलास, तुजी सेवा झाली. माजी बहिन तिकडं हाय. मला तिला घोंगडी घालाची हाय. तुजी खोळ काडू काय, येवडं सांग."

आणि दाण्यांवर नजर लावून बसली. काका हात जोडून उभे. गाडीवान बिडी न पेटवता नुसती तोंडात धरून. मी बाजूला, हाताची घडी घालून, हे संपायची वाट बघत. देवाच्या मर्जीवर माझा काडीचा विश्वास नाही. पण मी आईच्या तोंडाकडे बघितलं. ती नजर हलवत नव्हती. डावा पडला तर ही बाई खरंच जाणार नव्हती. घोंगडी पुन्हा माळ्यावर जाणार होती, आणि ती उरलेला जन्म अंगणाच्या टोकाला उभी राहून काढणार होती.

समोरच्या डोंगरामागून सूर्य वर आला. चौकीच्या भिंतीची सावली होडीवर पडली होती, अर्ध्या होडीवर. चाकाची डावी बाजू सावलीत राहिली. उजव्या बाजूवर कोवळं ऊन आलं, दाण्याच्या कडेचं पाणी वाळताना दिसलं, आणि थोड्या वेळाने दाणा सुटून खाली आईच्या पदरात पडला.

काका म्हणाले, "दिला."

"दिला," आई म्हणाली. डोळे पुसले आणि उठायला माझ्याकडे हात केला.

मी तिला उठवलं. मी भिंतीकडे बघितलं, सावलीच्या रेघेकडे बघितलं, होडी जिथे तिने ओढून घ्यायला लावली होती त्या जागेकडे बघितलं. तिच्याकडेही बघितलं. ती दाणा पदराच्या गाठीत बांधत होती. मला त्यावर एक वाक्य सुचलं होतं, चांगलं होतं. ते मी कधीच बोललो नाही.

एवढंच म्हणालो, "ऊन लागलं म्हणून पडला, आई."

"आनि ऊन कोन पाडतो?" ती म्हणाली.

मग काम. खुरप्याने शेंदूर काढायला काका स्वतः बसले, दुसऱ्याला हात लावू दिला नाही. आईने खाली केळीचं पान धरलं, एक कपचा जमिनीवर पडू दिला नाही. गोळा फुटला तसे आत थर दिसायला लागले, तांबडे, नारिंगी, तेलकट काळे. कुठे थरांच्या मधे तांदळाचा दाणा, कुठे झेंडूची पाकळी, वाळून कागदासारखी झालेली. एका जागी काका थांबले. तिथून आतला शेंदूर वेगळा होता, जास्त गडद, आणि त्यात बोटांचे ठसे उमटलेले होते. जाड बोटं.

"हा बाबाचा," काका म्हणाले. "माजा वरचा."

त्यांनी त्या ठशात आपलं बोट ठेवून बघितलं. बसलं नाही, ठसा मोठा होता. मग तो तुकडा त्यांनी तसाच्या तसा काढला आणि मुंडाशात ठेवला. आम्ही तिघं दुसरीकडे बघत होतो.

खाली नट होता. घासलेट ओतलं, पाना लावला, मी आणि गाडीवान दोघं पान्याला लोंबकळलो तेव्हा नट कुरकुरला आणि फिरला. दोन आटे ठेवले. आता चाक. चाक काही येईना. गाडीवान म्हणाला गाडीच्या आखावरून काढतात तसं मागून घण घालू. घातला. एका आऱ्याला चीर गेली आणि काकांनी घण हिसकावून घेतला.

"लाकूड मारतोस व्हय? मानसाचं पोर असतं तर?"

"पोर असतं तर यवढा वेळ चिकटून बसलं नसतं," गाडीवान म्हणाला, पण घण खाली ठेवला. मग तो चाकाभोवती फिरला, वाकून बघितलं, आणि बिडी पेटवली. म्हणाला, "चाकाला लोखंडी धाव कशी चढवतात? तापवून. तापलं की लोखंड पसरतं, लाकडावर बसतं, पानी मारलं की आवळतं. मंग हे उलटं करा. तुंबा तापवा, आतला दांडा गार ठेवा."

"आग लावली तर आरे जळतील," मी म्हणालो.

"आग कोन म्हनलं? आंगूळीचं पानी तापवा," आई म्हणाली. "डब्याचं झाकन घट्ट बसतं तवा काय आग लावते मी?"

चूल काठावरच मांडली. हंडाभर पाणी उकळलं. काकांनी मागून दांड्याला ओल्या फडक्याचा पिळा गुंडाळला आणि त्यावर तलावाचं गार पाणी मारत राहिले. गाडीवान आणि मी चाकाच्या दोन बाजूंना, सारख्या जोराने ओढायचं ठरवून. आई तांब्याने उकळतं पाणी तुंब्यावर ओतत होती. बारीक धार, न सांडता, आमटीला फोडणीवर पाणी घालतात तशी. एक हंडा संपला. काही नाही. दुसरा ठेवला. आई त्या चाकाशी बोलत होती. "सोड रे. सोड आता. किती धरून बसशील. सोड, परत बसवू तुला."

तिसऱ्या की चौथ्या तांब्याला आतून एक आवाज आला. ढेकर दिल्यासारखा, तृप्त. चाक आमच्या हातात आलं आणि नटाला अडलं. माझं नाक त्याच्यापासून चार बोटांवर होतं. मी मुरबाडच्या मिस्त्रीला मनात हात जोडले. माझ्या आयुष्यात मी मनापासून केलेला तो पहिला नमस्कार होता, आणि तो देवाला नव्हता.

चाकामागच्या बेचक्यातून ओंजळभर गंज आणि शेंदूर निघाला. सगळं पुसून, एरंडेल घालून चाक परत बसवलं. आईने केळीच्या पानावरचा शेंदूर पाण्यात सोडला. तिने चाकाच्या कड्याला हात लावला आणि जरासं फिरवलं. सुकाणू हललं. तिने परत फिरवलं. जात्याचा खुंटा पहिल्यांदा हातात आलेल्या मुलीसारखी ती ते इकडे-तिकडे फिरवत बसली.

काका शेंदराची पुडी घेऊन माझ्याकडे बघत उभे होते.

"लावा," मी म्हणालो. "पण लाकडाला. नटाला नको."

दुसऱ्या सकाळी निघालो. मी आणि गाडीवान वल्ह्यांवर, काका चाकावर, आई पुढे, मांडीवर घोंगडी. होडी सरळ गेली. एवढंच सांगायचं आहे, ती सरळ गेली. मधोमध पोचल्यावर आई म्हणाली, "मोठं झालं." खडकावरच्या ठिपक्याबद्दल बोलत होती. ठिपका रुमालाएवढा झाला, मग लुगड्याएवढा. मग त्याच्याजवळ बसलेलं माणूस दिसलं.

मावशी पाण्याकडे तोंड करून बसली होती. होडी तिच्या समोर येत होती, आई हात हलवत होती, आणि ती हलत नव्हती. वल्ह्यांचा आवाज जवळ आला तेव्हा तिने मान तिरकी केली.

"कोन हाय रे? धरनावरलं?"

आईने हात खाली घेतला. मी उतरवलं तशी ती लंगडत खडकापर्यंत गेली आणि मावशीच्या समोर उभी राहिली, हातभर अंतरावर. मावशी वर बघत होती, पण आईच्या तोंडाकडे नाही, खांद्याच्या जरा बाजूला. त्या डोळ्यांवर पांढरी साय होती. मी वर्षा-दोन वर्षांनी तिच्या घरी जेवून यायचो, पण मलाही कधी कळलं नव्हतं. घरात तिचा हात भांड्यावर बरोबर पडायचा, वाढताना एक शीत इकडचं तिकडे नाही. मुलाला तिने सांगून ठेवलं होतं, तिकडे बोलायचं नाही, तिचा पाय तसा, तिला आणखी घोर नको.

आईने घोंगडी उलगडली आणि तिच्या खांद्यावर घातली. मावशीने घोंगडी चाचपली. मग घोंगडी घालणारा हात चाचपला. मनगट, बांगड्या, कोपरावरचा लहानपणचा चुलीचा डाग. तिथे तिचं बोट थांबलं.

"यवढा उशीर?" मावशी म्हणाली.

"तू का नाय आलीस?"

"वाट दिसत नाय मला."

"कवापासून?"

"झाली वर्सं."

आई तिच्याशेजारी खडकावर बसली, पाय पसरून. मग आईने विचारलं, "मंग माजं लुगडं? मी कुपनावर टाकते ते?"

"कसलं लुगडं?"

"रोज टाकते मी. तू टाकलंस की."

"मला काय दिसतंय गो," मावशी म्हणाली. "मी आपली टाकते. तू बगत असशील म्हनून."

मी होडी बांधायचं काम काढलं. ती बांधलेली होती.

त्या रात्री आई तिथेच राहिली, नंतरही राहिली. मोतीबिंदू काढता येतो, ठाण्याला नेऊ, हे मी सांगितलं. मावशीने आधी नको म्हटलं. आईने तिला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. आणि एका सकाळी दोघी एकमेकींना धरून काठावर आल्या, एकीचा पाय नाही, एकीचे डोळे नाहीत, दोघी मिळून एक धड बाई. मावशीला आधी आमच्या काठाला आणायचं होतं, तिथून आटगाव, तिथून ठाणं.

होडी सोडणार तर मावशी म्हणाली, थांबा. चाचपत खडकावर गेली आणि धुतलेलं लुगडं पसरलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

"आता कुनाला दाखवतेस?" आई म्हणाली. "मी हितं हाय ना."

"असू दे. सवय हाय."

काकांनी चाक फिरवलं, होडी वळली आणि सरळ आमच्या काठाकडे लागली. मावशी पुढे बसली होती, घोंगडी पांघरून, दोन्ही हातांनी होडीची कड धरून. आयुष्यभर ज्या पाण्याच्या काठावर राहिली त्या पाण्यावर ती पहिल्यांदा होती. वल्ह्यांच्या आवाजावर ती मान हलवत होती. मधेच म्हणाली, "कुठं आलो?"

"मधी," आई म्हणाली.

"मंग बग. हितनं दिसतं का?"

आई वळली. डोळ्यांवर हात धरला, घरी अंगणात धरायची तसा. खडक मागे लहान होत चालला होता. आम्ही वल्ही मारायची थांबवली.

"दिसतंय," आई म्हणाली.

"केवडं?"

आईने मावशीचा हात घेतला आणि तिच्या तळव्यावर बोटाने एक बारीकसा ठिपका काढला. मावशीने मूठ मिटली आणि आमचा काठ येईपर्यंत उघडली नाही.